कुलूप लावण्याआधी तीन हाका

सूनबाई ज्या कंपनीत कामाला होती ती लोकांच्या वेबसाइट्स क्लाउडवर ठेवायची. क्लाउड म्हणजे ढग, एवढं सासूबाईंना कुणीतरी सांगून ठेवलं होतं. त्यामुळे आभाळ भरून आलं की त्या ऑफिसात फोन करून विचारायच्या, "आज काम वाढलं असेल, नाही गं?" प्रत्यक्षात तो ढग होता एका गाद्यांच्या दुकानाच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर. एक लांब टेबल, नऊ खुर्च्या, त्यातली एक डुगडुगणारी, आणि काचेच्या दाराआड गुरगुरणारी सर्व्हरची कपाटं. त्या कपाटांत चार हजार गिऱ्हाइकांच्या साइट्स गुण्यागोविंदानं नांदत होत्या. भिंतीवर साहेबांनी स्वतः लिहून चौकटीत लावलेलं ब्रीद होतं: 'लिहिलं म्हणजे दिलं.'

लिहायचं काम सूनबाईचं. दर दुसऱ्या मंगळवारी कंपनी गिऱ्हाइकांसाठी काहीतरी नवी सोय करायची, आणि ती काय आहे हे सूनबाई 'नवीन काय' नावाच्या पानावर मुद्देवार लिहायची. ते पान मेलनं चार हजार जणांना जायचं. चार वर्षं हे चाललं होतं आणि चार वर्षांत ते पान कुणीही वाचलं नव्हतं. ही कुरकुर नव्हे, पुराव्यानिशी सिद्ध झालेली गोष्ट आहे. एकदा घाईत तिनं तिसऱ्या मुद्द्याच्या जागी घरच्या सामानाची यादी चिकटवली. 'दोन किलो कांदे, भांड्यांचा साबण, बनियन दोन, मोठे.' हे चार हजार ठिकाणी पोचलं, अकरा दिवस पानावर राहिलं, आणि कुणी हूं की चूं केलं नाही. उलट साहेबांनी तिची पाठ थोपटली. म्हणाले, "ह्या वेळी भाषा अगदी सोपी होती हं."

चूक धरली ती एकट्या मामंजींनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी. जेवताना ताटावरून मान वर न करता ते म्हणाले, "सूनबाई, तुमच्या नव्या सोयींतली तिसरी दोनदा वाचली. कांदे समजले. पण बनियन मोठेच का? बारीक गिऱ्हाइकांनी काय करायचं?"

मामंजी कुलूपवाले. एक्केचाळीस वर्षं कुलपं दुरुस्त करण्यात गेली. त्यांच्या हाताबद्दल काय काय सांगतात! एका पेढीची तिजोरी तीन दिवस कुणाच्या बापाला उघडत नव्हती. मामंजींना बोलावलं. ते जिना चढत असताना त्यांच्या पिशवीतला किल्ल्यांचा खुळखुळाट तिजोरीनं ऐकला आणि ते वर पोचायच्या आत ती आपली आपण उघडून गुमान बसली म्हणे. मामंजी स्वतः मात्र सांगायचे की लोक उगाच वाढवतात, दोन मिनिटं लागली होती.

मग बोटं थरथरायला लागली. थरथरत्या बोटाला कुलपातला खटका कळत नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांनी दुकान बंद केलं आणि घरी येऊन बसले. बसले म्हणजे भिंतीकडे तोंड करून बसले. कंटाळा आला की उठून घरातल्या कड्याकोयंड्यांना आणि बिजागऱ्यांना तेल घालायचे. तीन महिन्यांत घराची अशी गत झाली की एकही दार वाजेना. कोण कुठून प्रकटेल याचा नेम नाही. सासूबाईंच्या हातून दोन कपबश्या फुटल्या. त्या म्हणायच्या, "भूत परवडलं, ते निदान पैंजण वाजवून येतं."

तेव्हा सूनबाईनं शक्कल काढली. कंपनीच्या फुकट योजनेत तिनं मामंजींना एक साइट करून दिली. नाव, 'रोज एक कुलूप'. आयुष्यात भेटलेलं एकेक कुलूप मामंजी रोज सकाळी लिहून काढू लागले. कुठलं हट्टी होतं, कुठलं नुसतं दिसायला दांडगं, कुठल्या कुलपानं एका घटस्फोटाला बारा दिवस उशीर केला. बघता बघता सहाशे चाळीस कुलपं झाली. मामंजींच्या चेहऱ्यावर तकाकी आली, दारं पुन्हा कुरकुरायला लागली. आणि रोज चहाचा कप उचलताना ते एकच प्रश्न विचारायचे.

"कालचे किती?"

म्हणजे काल किती लोकांनी साइट उघडली. सूनबाई सांगायची, "अडतीस." दुसऱ्या दिवशी, "एक्केचाळीस." रविवारी जरा कमी सांगायची, म्हणजे खरं वाटावं.

खरा आकडा दोन होता. एक मामंजी, एक ती.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका सोमवारी साहेबांनी सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं. डुगडुगती खुर्ची नेहमीप्रमाणे सूनबाईच्या वाट्याला आली.

"ह्या वेळचा अपडेट ऐतिहासिक आहे," साहेब म्हणाले. त्यांचा प्रत्येक अपडेट ऐतिहासिक असायचा. "पहिली सोय, विश्रांती. आपल्याकडे कितीतरी साइट्स अशा आहेत की तिकडे काळं कुत्रं फिरकत नाही. तरी सर्व्हर बिचारा त्यांच्यासाठी अष्टौप्रहर दिवा लावून बसलेला. आता जिच्याकडे तीस दिवस कुणी आलं नाही, ती साइट झोपवायची. पुढे महिनाभरात मालकानं उठवली नाही तर पुसायची. काय?"

"घरचे धरायचे नाहीत," पान्या म्हणाला. पान्या म्हणजे मुख्य इंजिनिअर. कंप्युटरमध्ये आवळायला काही नसतं हे ठाऊक असूनही तो खिशात एक पाना बाळगायचा, म्हणून पान्या. तो पाना वापरून त्यानं आजवर डुगडुगती खुर्चीसुद्धा आवळली नव्हती. "मालकाच्या घरच्या वायफायवरून आला तो पाहुणा नव्हे. आपल्या ऑफिसातला आणि आपल्या स्टाफच्या फोनवरचाही नव्हे. यादी काढलीय मी. दोनशे बारा साइट्स निघाल्या."

खुर्ची डुगडुगली. सूनबाईनं यादी ओढून घेतली. यादीत एकशे सदतिसाव्या नंबरावर 'रोज एक कुलूप' होतं.

"दुसरी सोय," साहेब पुढे निघाले होते, "कोण आलं. पाहुणा साइटवर आला की पडद्यावर ठिपका दिसेल. तिसरी, माणूस ओळखा. यंत्रं चोरून साइट्स उघडतात, त्यांची परीक्षा घेऊन हाकलायचं. चौथी, चिठ्ठी. पाहुण्यानं मालकासाठी चिठ्ठी टाकायची, ती मालकाला मेलनं जाईल."

"ती अजून जात नाहीये," पान्या म्हणाला. "चाचणीच्या चिठ्ठ्या नुसत्या साठताहेत. कुठंतरी अडकतंय."

"होईल. बाकी सहा सोयी किरकोळ आहेत. झोपवायची तारीख जाहीर केल्यापासून पंधरा दिवसांनी. यादी पानाखाली जोडा, कुणाला शेवटचं दर्शन घ्यायचं असेल तर घेऊ दे. आणि सूनबाई," सगळं ऑफिस तिला घरच्याच नावानं हाक मारायचं, "झोपवल्यावर मालकाला जो मेल जाईल तो तुम्हीच लिहा. गोड शब्दांत."

तिनं लिहिला. 'प्रिय ग्राहक, गेल्या तीस दिवसांत आपली साइट कुणीही उघडलेली नाही.' साखरेत घोळला, मधात बुडवला, तरी वाक्य तेच राहिलं. ते वाक्य चष्मा नाकावर ओढून वाचणारे मामंजी तिच्या डोळ्यांसमोर आले. त्यांच्यापुढची भिंतही दिसली.

रविवारी घरच्या जेवणाच्या टेबलावर बसून ती 'नवीन काय' लिहीत होती. मामंजी समोर शेंगा सोलत होते.

"काय गं, आज पेन थांबतंय सारखं?"

"काही नाही, मामंजी. वापरात नसलेल्या साइट्स बंद करायच्या म्हणतात."

"अस्सं." त्यांनी एक शेंग दिव्यासमोर धरली, जणू तिच्या आत खटका आहे. "आमच्या धंद्यात एक रीत होती. बंद घराचं कुलूप बदलायला बोलावलं की आधी दारात उभं राहून तीन हाका मारायच्या. आत कुणी आहे का? मगच हत्यार काढायचं. एकदा सगळी गल्ली सांगत होती, घर वर्षभर रिकामं आहे. मी दुसरी हाक मारली आणि आतून आवाज आला, 'आहे, आंघोळ करतोय.'"

"वर्षभर?"

"पाणी तापायची वाट बघत होता म्हणे."

सूनबाई खुदकन हसली, आणि हसता हसता तिच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, तिनं दहा मुद्द्यांच्या खाली स्वतःच्या जबाबदारीवर अकरावा मुद्दा ठोकून दिला: 'कोणतीही साइट झोपवण्याआधी तिच्या मालकाला तीन हाका मारल्या जातील, आणि तिथल्या पाहुण्यांच्या साठलेल्या चिठ्ठ्या ज्याच्या त्याच्या हाती पोचवल्या जातील.' वाचतंय कोण! मग यादी जोडताना एकशे सदतिसावी ओळ हळूच काढून टाकली. मामंजी काही झालं तरी वाचणार, हे तिला पक्कं माहीत होतं.

आता उरलं एकच काम, बाहेरच्या कुणाकडून तरी साइट उघडून घ्यायची. तिनं ते नवऱ्यावर सोपवलं. नवरा गाडी चालवायला शिकवायचा, सव्वीस विद्यार्थी हाताखाली. आणि त्याच्या पोटात गोष्ट राहत नाही हे ठाऊक असल्यानं कारण काही सांगितलं नाही.

"सगळ्यांना बाबांची साइट दाखव. विसरू नकोस."

दोन दिवसांनी तो म्हणाला, "झालं काम. सव्वीसच्या सव्वीस. एकीला इतकी आवडली की ब्रेकवरचा पायच निघाला."

सूनबाईच्या जिवात जीव आला.

आणि मग ऑफिसात भलताच चमत्कार घडू लागला. झोपायच्या यादीतल्या साइट्स गळायला लागल्या. अपडेट जाहीर झाला तेव्हा दोनशे बारा होत्या, तीन दिवसांत एकशे साठ झाल्या, आठवड्यानं शंभरावर आल्या. दहा-दहा वर्षं जिथं माशी फिरकली नव्हती तिथं कुणीतरी जात होतं. पान्यानं 'कोण आलं' लावून मोठा पडदा सुरू केला. पडद्यावर एकच ठिपका होता. सकाळी आठला उगवायचा, एका साइटवर जायचा, सात-आठ मिनिटं बसायचा, पुढच्या साइटवर सरकायचा. पोस्टमन जसा गल्लीतलं एकेक घर घेत जातो तसा.

सगळं ऑफिस हातातली कामं टाकून ठिपका बघत बसलं.

"यंत्र आहे," पान्या म्हणाला.

"यंत्र एवढं रेंगाळेल का?" सूनबाईनं विचारलं. "बटणं जमवणाऱ्याच्या साइटवर ते अकरा मिनिटं बसलं."

"सावकाश यंत्र आहे. सगळ्यात धोकादायक जात ती."

"आणि दुपारी एक ते तीन गायब होतं ते?"

"तापत असणार. गार व्हायला ठेवत असतील."

साहेबांनी टेबलावर मूठ आपटली. "आपला ऐतिहासिक अपडेट एका यंत्रानं खाल्ला! परीक्षा घ्या त्याची!"

पण परीक्षा लागेपर्यंत आणखी पाच दिवस गेले आणि ठिपक्याची सगळी गल्ली फिरून झाली; तो दुसऱ्या फेरीला लागला. शेवटी रविवारी संध्याकाळी पान्यानं 'माणूस ओळखा' ठिपक्यासमोर आडवं घातलं. सोमवारी सकाळी मामंजी चहाला आले ते कपाळावर आठ्या घेऊनच.

"सूनबाई, तुमच्या कंपनीनं ठरवलंय की मी माणूस नाही."

"मी चाळीस वर्षं तेच सांगतेय," सासूबाई स्टोव्हपाशी म्हणाल्या. "माझं कोण ऐकतं!"

"अहो, थट्टा नाही. नऊ चित्रं दाखवली. म्हणे, ज्यांत कुलूप आहे ती निवडा. आता सोप्पं. पहिल्यात कुलूप होतं. दुसऱ्यात कडी होती, तिला कुलूप कोण म्हणेल? तिसऱ्यात कोयंडा. चौथ्यात कुलूप दिसत होतं, पण ते खेळण्यातलं, आत खटकाच नाही, त्याला कुलूप म्हटलं तर माझे हात झडतील. सातव्यातलं खरं, पण उलटं लावलेलं. मी दोन निवडली. यंत्र म्हणालं, चूक. पुन्हा दिली परीक्षा. पुन्हा चूक. तिसऱ्यांदा म्हणालं, 'आपण माणूस नाही. नमस्कार.' एक्केचाळीस वर्षं कुलपांत काढली सूनबाई, आणि कुलपांच्या परीक्षेत नापास!"

सूनबाईच्या हातातला कप हवेतच राहिला.

"मामंजी," ती जपून म्हणाली, "तुम्ही कुणाच्या साइटवर गेला होतात?"

"तुझ्या यादीतल्या. झोपणार होते ना बिचारे? मी म्हटलं, दार वाजवून यावं. रोज पंधरा-वीस घरं घ्यायचो. जेवल्यावर जरा पडायचो."

सावकाश यंत्र समोर बसून चहात बिस्कीट बुडवत होतं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार, झोपवायची तारीख. सूनबाई ऑफिसात पोचली तेव्हा साहेब हातावर हात चोळत होते. दुपारी साडेबाराला पान्यानं शेवटची यादी पडद्यावर लावली. दोनशे बारापैकी दोनशे अकरा साइट्स वाचल्या होत्या. एकच उरली होती.

'रोज एक कुलूप.'

"पण सव्वीस माणसं आली होती इथं!" सूनबाई ओरडलीच.

पान्यानं आकडे चाळले. "आली होती. सव्वीस वेळा उघडलीय. पण सगळी मालकाच्या घरच्याच वायफायवरून. म्हणजे घरचेच."

सूनबाईनं बाहेर जाऊन नवऱ्याला फोन लावला.

"तू विद्यार्थ्यांना साइट कुठं दाखवलीस?"

"आपल्या फाटकापाशी गाडी लावून. एकेकाला माझ्याच फोनवर. घरचं नेट येतं ना तिथं, फुकट. का गं? हुशारी केली ना?"

तिनं फोन ठेवला. नवऱ्याशी बोलायला आयुष्य पडलं होतं. ती परत आली तेव्हा साहेबांचं बोट बटणावर होतं.

"एक तर एक! अपडेट जाहीर केलाय, एक तरी झोपली पाहिजे. हा कुणी कुलूपवाला आहे, त्याला काय फरक पडणार आहे?"

"साहेब, थांबा," सूनबाई म्हणाली. "ते माझे सासरे आहेत."

बोट थांबलं, पण बटणावरून हललं नाही.

"आणि तो ठिपकाही तेच आहेत. दोनशे अकरा घरांची दारं त्यांनी एकट्यानं वाजवली. राहिलं ते त्यांचं स्वतःचं, कारण स्वतःच्या दारावर बाहेरून टकटक केलेली तुम्ही धरत नाही."

पान्या मटकन खाली बसला. नेमका डुगडुगत्या खुर्चीवर. "म्हणजे दुपारी एक ते तीन..."

"झोपतात."

साहेबांनी घसा खाकरला. "सूनबाई, मलाही वाईट वाटतंय. पण घरच्या माणसासाठी नियम वाकवला तर उद्या गिऱ्हाईक काय म्हणेल? जाहीर केलेलं आहे."

"मग जाहीर केलंय तेवढं सगळं करा. अकरावा मुद्दा वाचा."

"अकरावा? सोयी दहाच आहेत."

"पानावर अकरा आहेत. पंधरा दिवस झाले, चार हजार लोकांना गेलंय."

साहेबांनी पान उघडलं. चार वर्षांत पहिल्यांदाच. वाचता वाचता त्यांच्या भुवया इतक्या वर गेल्या की टक्कल नसतं तर केसांत शिरल्या असत्या. "तीन हाका? चिठ्ठ्या? हे कुणी ठरवलं?"

"मी."

"आणि हे कुणी वाचलं तरी आहे का?"

"एकानं नक्की वाचलंय. ज्याला तुम्ही झोपवताय त्यानं."

मग सगळ्यांची नजर हळूहळू भिंतीवरच्या चौकटीकडे गेली, आणि सगळ्यात शेवटी साहेबांची. 'लिहिलं म्हणजे दिलं.' अक्षर त्यांचंच होतं.

"मारा," साहेब हताशपणे म्हणाले, "मारा हाका. पण तिसरीला उत्तर आलं नाही तर मी बटण दाबणार."

पान्यानं मालकाला पहिला मेल टाकला: 'आत कुणी आहे का?' उत्तर नाही. पाच मिनिटं गेली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. दुसरा मेल गेला: 'आत कुणी आहे का?' सूनबाईनंही घड्याळ पाहिलं. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. मामंजी एकदा आडवे झाले की शेजारी बँड वाजला तरी कुशीसुद्धा बदलायचे नाहीत. तिनं टेबलाखालून सासूबाईंना फोन लावला आणि कुजबुजली, "आई, मामंजींना उठवा!"

"का? पाऊस येतोय का तुमच्यात?"

"उठवा हो! मेल बघायला सांगा!"

फोनमधून चपलांचा आवाज आला, मग पाण्याचा तांब्या ओतल्यासारखा आवाज आला, मग मामंजींचा असा आवाज आला की तो इथं लिहिता येत नाही. पान्याचं बोट तिसऱ्या मेलवर होतं. साहेबांचं बटणावर. आणि पडद्यावर उत्तर उमटलं:

'आहे. आंघोळ करतोय. – कुलूपवाला.'

सगळ्यात आधी हसला तो पान्या. मग साहेब हसले, आणि हसणारा माणूस बटण दाबू शकत नाही. त्यांनी बोट काढून खिशात घातलं.

"आता चिठ्ठ्या," सूनबाई म्हणाली. लोखंड तापलंय तोवर घण घातलेला बरा.

चिठ्ठ्यांचं घोडं कुठं अडलं होतं ते शोधायला पान्याला पंधरा दिवस जमलं नव्हतं; आता साहेब मागे उभे राहिल्यावर वीस मिनिटांत सापडलं. मोरीतला बोळा निघावा तशा पंधरा दिवसांच्या चिठ्ठ्या धो धो सुटल्या. दोनशे अकरा साइट्सच्या सगळ्या चिठ्ठ्यांखाली एकच सही. सगळं ऑफिस वाचायला गोळा झालं.

बटणं जमवणाऱ्याला लिहिलं होतं: 'आपलं सतरावं बटण पाहून आनंद झाला. मात्र चाळिसावं ओव्हरकोटाचं नसून गादीचं आहे. राग नसावा. – कुलूपवाला, रोज एक कुलूप.' एका साइटवर सहा वर्षं 'बांधकाम चालू आहे' एवढी एकच पाटी होती. त्या मालकाला लिहिलं होतं: 'घाई करू नका. पण दाराला कुलूप कुठलं बसवणार ते भिंती उभ्या राहायच्या आत ठरवा. मागाहून फार त्रास होतो.' आपल्या मेलेल्या पोपटाची वाक्यं टिपून ठेवणाऱ्या बाईंना लिहिलं होतं: 'सगळी वाचली. तुमचा पोपट आमच्या हिच्यापेक्षा कमी बोलायचा.'

आता ज्याच्या दारात दहा वर्षं कुणी आलं नाही त्याला एकदम अशी चिठ्ठी आली तर तो काय करेल? तो आधी घाबरेल, आणि मग चप्पल घालून चिठ्ठी टाकणाऱ्याच्या घरी जाईल. पडद्यावर 'रोज एक कुलूप'कडे एक ठिपका निघाला. मग तीन झाले, मग मुंगळ्यांची रांग लागावी तशी रांग. मालकांनी आपापल्या भाच्यांना सांगितलं, भाच्यांनी मित्रांना. चार वाजता फुकट योजनेनं मान टाकली. पान्या सर्व्हरच्या कपाटापुढे टेबलफॅन धरून उभा राहिला, आणि खाली गाद्यांच्या दुकानदारानं वर येऊन विचारलं की छत का तापलंय. हे तो अजूनही सांगतो.

बुधवारी सकाळी मामंजींनी कप उचलला.

"कालचे किती?"

"सातशे बारा," सूनबाई म्हणाली. चार वर्षांत नाही तेवढ्या अभिमानानं.

मामंजींनी कप खाली ठेवला आणि तिच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "बिघडलीस तू. आजवर कशी बेताची थाप मारायचीस. अडतीस, एक्केचाळीस. रविवारी दोन कमी. ऐकायला बरं वाटायचं."

सूनबाईचा चेहरा पडला. "तुम्हाला... माहीत होतं?"

"अगं, कुलूप उघडून आत पाहिलं की किती किल्ल्या फिरल्या ते ओरखड्यांवरून कळतं. साइटचंही तसंच, आत दोनच ओरखडे. एक माझा, एक तुझा." त्यांनी बिस्कीट बुडवलं. "आणि वर दोनशे बारा लिहून खाली दोनशे अकराच नावं जोडलीस. ते पान मोजून वाचणारा एक मीच, हे तुला ठाऊक होतं. एक कुठं गेलं हे शोधायला मला किती वेळ लागणार?"

"मग कळल्यावर बोलला का नाहीत?"

"तू इतक्या मनापासून लपवत होतीस, म्हटलं मोडू नये." त्यांनी दुसरं बिस्कीट उचललं. "आणि म्हटलं, दोनशे अकरा दारं वाजवली तर एखादा तरी उलट येईल. आपल्या घराला आपण बाहेरून हाक मारू शकत नाही ना."

"मामंजी, सातशे बारा खरे आहेत."

"बरं, बरं."

"शप्पथ! तुम्हाला चिठ्ठ्या आल्यात, बघा तरी!"

तिनं त्यांचाच फोन त्यांच्या हातात कोंबला. मामंजींनी चष्मा नाकावर ओढला. पहिली चिठ्ठी वाचली, दुसरी वाचली, आणि ओठ हलवत तिसरी. थरथरती बोटं एकदम स्थिर झाली. सूनबाईला वाटलं, आता डोळे भरून येणार. तिनं आपला पदर चाचपला.

"मूर्ख!" मामंजी गरजले.

"काय झालं?"

"हा बटणवाला! म्हणतो, माझ्या तीनशे बाराव्या कुलपात पाच खटके नव्हते, चार होते! त्याच्या मामाकडे तसलंच होतं म्हणे! मामाकडे!" ते उठले, खुर्ची मागे पडली. "एक्केचाळीस वर्षं! पाच होते! चौथा खोटा होता, चोराला फसवायला, तो याच्या मामाच्या बापालासुद्धा दिसला नसता!"

"अहो, चहा!" सासूबाई ओरडल्या.

"ठेव झाकून!" आतून उत्तर आलं, आणि खोलीचं दार असं दणकन लागलं की दोन वर्षांपूर्वीचं तेल पार निघून गेलं असावं.